कांचीपुरम: देवळांच्या वेळा, मागांच्या गल्ल्या आणि लग्नाची साडी

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईला नातेवाइकांकडे जाणार आहोत, तिथून एक दिवस कांचीपुरम करायचं आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आणि मार्चमध्ये लग्न ठरलेली मुलगी. देवळं कोणती बघावीत, साडी कुठून घ्यावी, थेट विणकराकडून घेतली तर स्वस्त पडते का, आणि खरी साडी ओळखायची कशी?

ताई, मी येवल्यात पैठणीचा आणि सोबत दक्षिणेतल्या हातमागाच्या साड्यांचा व्यवहार करते. खरेदीसाठी कांचीला माझं जाणं-येणं जुनं आहे. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते की एका दिवसाऐवजी एक रात्र आणि एक दिवस काढा. चेन्नईपासून अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. सकाळी निघालात तर पोचेपर्यंत दहा वाजतात. इथली मोठी देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात. मग दोन तासांत तीन देवळांची पळापळ होते, उन्हात तापलेल्या दगडावर आईंचे पाय भाजतात, आणि दुपारी थकलेल्या अवस्थेत तुम्ही साडीच्या दुकानात शिरता. त्या अवस्थेत माणूस समोर येईल ती साडी घेऊन मोकळा होतो. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोचा. सकाळ मागांच्या गल्लीत आणि देवळांत, दुपार साड्यांत, संध्याकाळ वरदराजाच्या, म्हणजे विष्णूच्या, दर्शनात, असा दिवस लावला की गाव तुम्हाला सामावून घेतं.

तुम्ही निवडलेला काळ चांगला आहे. तमिळ पंचांगात तो मार्गळी महिना, साधारण १४ जानेवारीपर्यंतचा. या महिन्यात तिकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे लग्नाच्या खरेदीला येणारी स्थानिक कुटुंबं कमी असतात आणि दुकानदाराकडे दहा साड्या उलगडून दाखवायला सवड असते. पोंगल झालं, तै महिना लागला, की लग्नसराई सुरू होते आणि तीच सवड संपते. मार्गळीत यात्रेकरूंची गर्दी मात्र असते, काळ्या कपड्यांतले अय्यप्पाचे आणि लाल कपड्यांतले मेलमरुवत्तूरच्या देवीचे भाविक बसगाड्या भरून येतात. सकाळी लवकर गेलं की त्याचा त्रास होत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पूर्वार्धात तिकडचा पावसाळा असतो. खड्ड्यातल्या मागांना ओल येते आणि बरेच माग थांबतात, म्हणून तेव्हा मी कुणालाच पाठवत नाही.

आता साडीकडे येते. दुकानात जायच्या आधी माग बघा, ही माझी एकच आग्रहाची विनंती आहे. गावाच्या पश्चिमेला पिळ्ळैयारपाळयम नावाचा विणकरांचा भाग आहे, कैलासनाथाच्या देवळाजवळच. सकाळी सहा-साडेसहाला तिथल्या गल्ल्यांतून चालत जा. दारांपुढे मार्गळीतल्या मोठमोठ्या रांगोळ्या असतात. नशीब असेल तर रस्त्याच्या लांबीभर ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, पसरलेला दिसेल: रंगवलेल्या रेशमाचे हजारो धागे बांबूच्या घोड्यांवर ताणून, त्यांना तांदळाची खळ लावून, माणसं दोन्ही बाजूंनी धागे मोकळे करत असतात. ऊन चढायच्या आत हे काम उरकावं लागतं. अशा एका ताण्यातून साधारण तीन साड्या निघतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या साडीला बहुधा दोन बहिणी असतात, बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या रंगाचा असला तर रंगाची झाक वेगळी, पण ताणा तोच.

घरात शिरताना चप्पल बाहेर काढा, परवानगी विचारा आणि फोटोआधी पुन्हा विचारा. ओळख नसेल तर विणकरांच्या सहकारी सोसायटीत आधी जाऊन सांगा, ते कुणाकडे तरी पाठवतात. आत गेल्यावर नजर धोट्यांवर, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनांवर, ठेवा. कांचीचं खरं वैभव ज्याला म्हणतात ती कोरवै साडी एका धोट्याने होत नाही. डाव्या काठाचा एक धोटा, अंगाचा दुसरा, उजव्या काठाचा तिसरा. काठाचा बाणा काठातच फिरतो, अंगाचा अंगातच, आणि जिथे दोघं भेटतात तिथे दर फेरीला धागा धाग्यात अडकवावा लागतो. एकट्या विणकराचे हात तिथे अपुरे पडतात. शेजारी मदतनीस बसतो, बहुतेक घरांत ती त्याची बायको किंवा आई. साडीवर नाव एकाचंही नसतं, पण कष्ट दोघांचे असतात. मदतीला बसणारं माणूस मिळेनासं झालं म्हणून कितीतरी घरांनी कोरवै सोडून एका धोट्याच्या साड्या धरल्या आहेत, आणि तरुण मुलं श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत नोकरीला जातात. त्यांना दोष देता येत नाही. पण म्हणूनच, ऐपत असेल तर लग्नाची एक साडी कोरवैच घ्या, असं मी कळकळीने सांगते. मागणी राहिली तरच हातांची ती दुसरी जोडी मागावर बसेल.

दुसरा सांधा पदराचा. पदर वेगळ्या रंगाचा हवा असेल तर अंगाचा ताणा संपवून पदराच्या रंगाचा नवा ताणा धाग्याला धागा जोडून घ्यावा लागतो. याला पेट्नी म्हणतात. पदर जिथे सुरू होतो तिथे बोट फिरवलं की एक बारीकशी जाड रेघ लागते. आपल्याकडचे लोक तिला खोट समजून साडी बाजूला ठेवतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ती खोट नव्हे, हाताने जोडल्याची खूण आहे.

आणि इथेच आपल्या महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाची एक सवय आड येते. पैठणी घेताना आपण पदर उलटा करून बघतो. हातमागाच्या पैठणीत मोर, पोपट, कमळ हे सगळं रंगीत बाण्याचे धागे एकमेकांत अडकवून विणलेलं असतं, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबते धागे दिसले की आपण म्हणतो, ही यंत्राची. हीच कसोटी कांचीच्या साडीला लावू नका. कांचीत काठ आणि पदराची नक्षी जादा धाग्यांनी, जेकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी मागावर बसवलेल्या यंत्रणेवर, उठवतात. मागून जरीचे लांब धागे दिसणारच, अस्सल हातमागाच्या साडीतही. कांचीची साडी उलटी करायची ती वेगळ्या कारणासाठी: काठाच्या मागच्या बाजूला अंगाचा रंग दिसतो का ते बघायला. अंग हिरवं आणि काठ लाल असेल, आणि लाल काठात हिरवा बाणा गेलेला दिसत असेल, तर एकच धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आहे. ती कोरवै नाही. खऱ्या कोरवैच्या काठाचा रंग निव्वळ असतो, त्यात अंगाच्या रंगाची भेसळ नसते. काठावरची देवळाच्या शिखरांसारखी टोकं बघून मात्र फसू नका, ती टोकं एका धोट्याच्या साडीतही जेकार्डने काढता येतात.

हातमाग की यंत्रमाग, हे ओळखायला किनार उन्हात धरा. हातमागावर कापड ताणून धरण्यासाठी दोन्ही कडांना काटे लावलेली पट्टी असते, विणकर ती थोड्याथोड्या अंतरावर पुढे सरकवतो. तिची बारीक छिद्रं कडेने दिसतात. विणीत कुठेतरी ठोका किंचित कमी-जास्त पडलेला असतो. पाच-साडेपाच मीटर कापडात कुठेच काही फरक दिसत नसेल तर मला शंका येते. कायद्याचंही पाठबळ आहे: हातमागासाठी राखीव वस्तूंचा १९८५ चा कायदा विशिष्ट प्रकारच्या साड्या यंत्रमागावर काढायला मनाई करतो. बाजारात त्या तरीही येतात, म्हणून दुकानात हँडलूम मार्क आणि सिल्क मार्क दोन्ही मागा. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, हातमागाबद्दल काही सांगत नाही. ही गल्लत फार लोक करतात. कांचीपुरम रेशमाला भौगोलिक मानांकन आहे, तेही विचारा.

जरीबद्दल थोडं तपशिलात सांगते, कारण किमतीतला मोठा फरक तिथे असतो. शुद्ध जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. सोनं त्यात एक टक्काही नसतं, भाव चांदीचा असतो. काठाच्या सुट्या टोकाची जरी नखाने खरवडली की आतून लाल रेशीम दिसतं. आत पांढरा दोरा निघाला किंवा जाळल्यावर तो वितळून गोळा झाला, तर ती शुद्ध जरी नाही. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. जरी तपासायची यंत्रं कांचीत आहेत, काही सोसायट्यांत गिऱ्हाइकासमोर तपासून दाखवतात, आणि तमिळनाडू सरकारची जरी बनवणारी कंपनीही याच गावात आहे. साध्या तांब्याच्या जरीला तिकडे टेस्टेड जरी म्हणतात. ती वापरणं हा गुन्हा नाही. वजनाला, खिशाला हलकी पडते, आणि वर्षातून चार वेळा नेसायच्या साडीला मी तीच सुचवते. फक्त विकणाऱ्याने तसं सांगितलं पाहिजे आणि बिलावर लिहिलं पाहिजे. शुद्ध जरीची कोरवै साडी पाच-सात हजारांत कुणी देत असेल तर ती तशी नाही, हे पक्कं समजा. नुसती चांदी आणि रेशीम यांचाच हिशेब तिथे बसत नाही, मजुरी तर पुढची गोष्ट.

थेट विणकराकडून घेण्याचं विचारलंत. मागावरची साडी बहुतेक वेळा विणकराची नसतेच. ताणा, बाणा, जरी, जेकार्डला लागणारे नक्षीचे पत्ते हे सगळं मालक-व्यापारी किंवा सोसायटी देते, विणकर साडीमागे मजुरी घेतो आणि तयार माल परत करतो. त्याच्याकडे साडी मागणं म्हणजे त्याला अडचणीत टाकणं. रस्त्यात भेटलेला माणूस किंवा रिक्षावाला "विणकराच्या घरी नेतो, अर्ध्या किमतीत" म्हणाला तर तो दलालीवर नेतो आहे, आणि ती दलाली तुमच्याच साडीवर चढते. दुकानाच्या पुढच्या खोलीत एक माग चालू दिसला म्हणून कपाटातला सगळा माल हातमागाचा ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझा कल सहकारी सोसायट्यांकडे आहे. अरिग्नर अण्णा, मुरुगन, कामाक्षी अम्मन, वरदराज अशा नावांच्या रेशीम सोसायट्या गावात आहेत. अण्णा म्हणजे मुख्यमंत्री झालेले सी. एन. अण्णादुरै, १९०९ मध्ये याच गावात, विणकर कुटुंबात जन्मलेले. सोसायटीत मांडणी साधी असते, चहा-सरबत मिळत नाही, रंगांची नवी फॅशन थोडी उशिरा पोचते. पण किंमत लिहिलेली असते, जरीचा प्रकार सांगतात, आणि सणांच्या सुमारास सरकारी सूट असते. आधी तिथे जाऊन तासभर साड्या हाताळा, भाव समजून घ्या. मग गांधी रोडवरच्या खासगी दुकानांत जा, तिथे निवड मोठी असते आणि चांगले, पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारीही आहेत. रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. साडी दारापाशी नेऊन दाखवायला सांगा. ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचा असेल तर उजेडात तिचं रूप पार बदलतं.

मुलीसाठी रंग सुचवायचा तर अरक्कु, म्हणजे लाखेसारखा गडद तांबडा, मोहरी किंवा पोपटी काठाबरोबर. निळा आवडत असेल तर एम. एस. ब्ल्यू मागा, गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मींसाठी कांचीतच तयार झालेला तो निळा. नक्षीत रुद्राक्ष, हंस, यळी (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), दोन डोक्यांचा पक्षी, मोगऱ्याच्या कळ्या अशी जुनी कामं बघा, ती कधी शिळी होत नाहीत. आणि घरात नऊवारी नेसवायची असेल तर मुद्दाम विचारा: "ओन्बदु गजम". तिकडच्या ब्राह्मण घरांत मडिसार या पारंपरिक पद्धतीने नेसण्यासाठी नऊ वारी साडी आजही विणतात. काष्ट्यासाठी काठ चार बोटांपेक्षा रुंद घेऊ नका, जड जरीचा कासोटा दिवसभर सांभाळणं मुलीला अवघड जाईल.

आता देवळं. तुमच्याकडे सकाळ आणि संध्याकाळ आहे, म्हणून चार पुरेत, पाचवं जमलं तर.

सकाळी गल्लीतून थेट कैलासनाथाला जा. राजसिंह पल्लवाने इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी बांधलेलं, वालुकाश्माचं. इथे गर्दी नसते. आवाराच्या भिंतीला लागून छोट्या देवकुळ्यांची रांग आहे, काहींच्या आत पल्लवकाळातल्या चित्रांचे रंग अजून टिकून आहेत. सोमास्कंदाच्या, म्हणजे शिव-पार्वती आणि बाळ स्कंद यांच्या, मूर्ती सावकाश बघा. मराठी माणसाने इथे थांबायला एक खास कारण आहे. चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा याने आठव्या शतकात कांची जिंकली, पण हे देऊळ लुटलं नाही, उलट देवाची संपत्ती देवाला परत दिली, असं सांगणारा त्याचा कन्नड लेख याच देवळाच्या खांबावर आहे. त्याची राणी लोकमहादेवी हिने त्या विजयाच्या स्मरणार्थ कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ उभारलं, ते कांचीच्या या देवळाच्या धाटणीचं. आणि त्याच परंपरेतून पुढे राष्ट्रकूटांच्या काळात आपल्या वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं. नाशिकहून वेरूळ तुम्ही पाहिलंच असेल. तिथल्या शिखराची आणि द्रविड घडणीची मुळं इथे दिसतात. मला विचाराल तर अख्ख्या कांचीत हे एकच देऊळ बघायला मिळालं तरी चालेल.

तिथून एकाम्रेश्वर. पंचमहाभूतांच्या पाच लिंगांपैकी पृथ्वीलिंग इथलं, वाळूचं, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत. बाहेरचं उंच गोपुर कृष्णदेवरायाने १५०९ मध्ये बांधलं. आत प्रदक्षिणेचा मार्ग लांब आहे, आईंना वाटेत बसवत न्या. जवळच कामाक्षी. ती पद्मासनात बसलेली आहे, हातात उसाचं धनुष्य. कांचीतल्या शिवाच्या देवळांत देवीचं स्वतंत्र गर्भगृह नसतं, सगळ्यांची अंबा हीच, अशी इथली श्रद्धा. इथली सोन्याची बंगारू कामाक्षी धामधुमीच्या काळात दक्षिणेकडे हलवली गेली आणि शेवटी तंजावरच्या मराठा राजांच्या आश्रयाला स्थिरावली. तंजावरला कधी गेलात तर तिचं दर्शन घ्या. शुक्रवार मात्र टाळा, कामाक्षीला त्या दिवशी फार गर्दी असते.

संध्याकाळी वरदराज पेरुमाळ, गावाच्या दुसऱ्या टोकाला, विष्णुकांची नावाच्या भागात. रिक्षाच करा. शंभर खांबांचा मंडप आणि त्याच्या कोपऱ्यांतल्या दगडी साखळ्या आधी बघा, उजेड आहे तोवर. देव हस्तिगिरी नावाच्या उंचवट्यावर आहे, वर जायला पायऱ्या चढाव्या लागतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं. देवळाच्या तळ्यात अत्ति वरदर, औदुंबराच्या लाकडाची मूर्ती, पाण्याखाली असते, चाळीस वर्षांतून एकदा बाहेर येते. मागच्या वेळी ती २०१९ मध्ये आली होती. प्रसादाची कांचीपुरम इडली मिळाली तर नक्की घ्या. बांबूच्या लांब टोपलीत, आपट्याच्या कुळातल्या मंदारै झाडाची पानं लावून ती उकडतात. मिरी, जिरं, सुंठ, तूप असतं, त्यामुळे चव आपल्या इडलीहून अगदी निराळी. हॉटेलात त्याच नावाने मिळते ती वेगळी.

वेळ उरला तर वैकुंठ पेरुमाळ. पल्लव राजवंशाचा इतिहास भिंतीवर शिल्पपटांत कोरलेला आहे, ज्यांना इतिहासाची गोडी त्यांच्यासाठी.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आईंसाठी जाड सुती मोजे न्या, दहानंतर देवळाच्या आवारातला दगड तापतो. दारात "खास पूजा करून देतो" म्हणत मागे लागणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा, सेवेची पावती देवस्थानाच्या खिडकीवर मिळते. रेल्वेने परतणार असाल तर चेन्नईला उलट जायची गरज नसते: मुंबई-पुण्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या अरक्कोणमला थांबतात, आणि अरक्कोणम कांचीपासून तीसेक किलोमीटरवर आहे. तिकीट काढतानाच तुमच्या गाडीचा थांबा तपासून घ्या.

साडीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर हातमाग, रेशीम, जरीचा प्रकार हे लिहून घ्या. सोबतचा ब्लाउजचा कपडा साडीलाच जोडलेला आहे की वेगळा, ते बघा. घरी आल्यावर साडी प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. लग्न मार्चमध्ये आहे, म्हणजे ब्लाउज शिवायला तुमच्याकडे वेळ आहे. पण मनासारखी साडी तयार मिळाली नाही म्हणून मागावर घालायला सांगणार असाल, तर कोरवैला ताणा लावण्यापासून महिना-दीड महिना सहज जातो. तशी ऑर्डर पोंगलच्या आधीच द्या, नंतर सगळे माग लग्नसराईत अडकलेले असतात.